पोशाखाची उलट बाजू

नवा कपडा घरात आला की आमच्या लहानपणी थोरल्या बायका तो आधी उलटा करीत. रंग, वेलबुट्टी, काठ हे सारे मागाहून. प्रथम आतली शिवण पाहावयाची, टाका दाट आहे की विरळ ते नखाने चाचपावयाचे, आणि मग शिंप्याने माया किती सोडली आहे ते बोटांनी मोजावयाचे. माया म्हणजे शिवणीच्या आत राखून ठेवलेले जादा कापड. मूल वाढले, अंग सुटले, तर उसवून मोठे करता यावे म्हणून ती सोडलेली असे. “माया ठेवली नाही मेल्याने!” असा निकाल एकदा लागला की तो शिंपी त्या घराला कायमचा परका होई.

या घरगुती परीक्षेची आठवण आम्हांला एका निराळ्याच संदर्भात झाली. एकेका गिऱ्हाइकाच्या मापावर बेतून, बव्हंशी हाताने शिवलेले जे अतिशय महागडे पोशाख, ज्यांना फ्रेंच भाषेत ‘ओत कुत्यूर’ असे नाव आहे, ते कसे कल्पिले जातात व कसे तयार होतात हे सर्वसामान्य लोकांपुढे मांडण्याची चाल अलीकडे संग्रहालयांनी पाडली आहे. पुतळ्यावर पोशाख चढवून दुरून दाखविण्यावर आता ती थांबत नाहीत. तीही कपडा उलटा करू लागली आहेत. ही उलट बाजू कशी दाखवितात, आणि ती दाखविताना कोण दिसते व कोण दिसावयाचे राहते, याविषयी चार शब्द लिहावेत असे मनात होते.

वाचक म्हणतील, आपल्यासारख्या नोकरदार कुटुंबांना त्याचे काय? ज्या झग्याची किंमत ऐकून घेरी यावी तो कसा शिवला हे जाणून आम्ही काय करावे? आक्षेप रास्त आहे. परंतु कपड्याच्या घडणीत रस घेणे हा काही श्रीमंतांचा मक्ता नाही, आणि आपणां यहुदी लोकांत तर मुळीच नाही. शेमोथच्या पुस्तकात मुख्य कोहेनच्या वस्त्रांचे वर्णन आठवावे. कोणत्या रंगाचे सूत, किती रत्ने, झग्याच्या घेराला डाळिंबे व घंटा कोणत्या क्रमाने, हे तर तेथे आहेच. पण झग्याच्या गळ्याला फाटू नये म्हणून विणलेली किनार असावी ही सूचनाही आहे, आणि सोन्याचे पातळ पत्रे ठोकून, त्यांच्या तारा कापून, त्या सुतात कशा गुंफल्या हेही सांगितले आहे. जरीकाम करणाऱ्या कारागिराने वाचावे आणि मान डोलवावी असा तो मजकूर आहे. आणखी एक गोष्ट: तेथे कारागिरांची नावे आहेत. बसालेलचे नाव सर्वांना ठाऊक असते, परंतु त्याचा सोबती ओहोलिआब हा भरतकाम करणारा होता हेही तोराहाने नोंदून ठेवले आहे. सूत कातणाऱ्या स्त्रियांची नावे मात्र नाहीत; त्यांच्या शहाणपणाचा उल्लेख तेवढा आहे.

दुसरे उदाहरण शाआतनेझचे. लोकर व ताग, म्हणजे जवसाचे सूत, एकत्र असलेले वस्त्र आपणांस वर्ज्य आहे. (कोहेनच्या पवित्र वस्त्रांत मात्र ही दोन्ही एकत्र होती, तो खास अपवाद.) हे दोष वरून दिसत नाहीत. उत्तम प्रतीच्या लोकरी कोटाची कॉलर ताठ राहावी म्हणून आत जे जाड कापड घालतात, त्यात पुष्कळदा जवसाचे सूत असते. म्हणून येथे इस्राएलमध्ये शाआतनेझ तपासणारे लोक अस्तराची शिवण उसवतात, आतील धागा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, आणि पुन्हा शिवून देतात. कपडा उलटून पाहणे ही आपल्याकडे नुसती बायकांची सवय नाही, ती मित्स्वाही आहे!

आता पॅरिसकडे वळू. या धंद्याचा आरंभ एका इंग्रजाने केला. चार्ल्स फ्रेडरिक वर्थ हा लिंकनशायरमधील बोर्न गावचा मनुष्य. त्याने 1858 साली पॅरिसच्या र्‍यु द ला पे या रस्त्यावर एका भागीदारासह दुकान घातले. तोपर्यंत श्रीमंत बाई आपले कापड घेऊन शिवणारणीकडे जाई आणि मला असे हवे म्हणून सांगे. वर्थने ही रीत पालटली. पोशाख तो स्वतः योजी, जिवंत मुलीच्या अंगावर घालून दाखवी, आणि बाई त्यातून निवड करी. शिवणारा आता कलावंत झाला, आणि कलावंत झाला म्हणून त्याचे नाव पट्टीवर आले. पुढे 1945 पासून ‘ओत कुत्यूर’ हा शब्दच फ्रान्समध्ये कायद्याने राखून ठेवण्यात आला. पॅरिसमध्ये स्वतःची कार्यशाळा हवी, मापे घेऊन शिवलेले हवे, वर्षातून दोनदा नवे नमुने मांडावयास हवेत, अशा अटी पुऱ्या करील त्यानेच तो वापरावा.

हा धंदा मोठा गुप्ततेचा. नमुना चोरीला गेला की सर्व मेहनत पाण्यात. नव्या पोशाखांच्या दर्शनाला बोलावलेल्या पाहुण्यांना कागदावर रेघ ओढण्याची मनाई असे. 1950 च्या दशकात क्रिस्तोबाल बालेन्सियागा याने वार्ताहरांना व्यापाऱ्यांच्या नंतर एक महिना थांबवून ठेवण्यापर्यंत मजल गाठली. त्याच्या आधीच्या पिढीतील मादलेन व्हिओने हिने तर प्रत्येक पोशाखाची समोरून, बाजूने व मागून छायाचित्रे काढून वह्या भरविल्या, आणि आपल्या पट्टीवर सहीसोबत अंगठ्याचा ठसा छापला. ही बाई स्वतः अगदी लहान वयात शिवणकामाच्या उमेदवारीला लागली होती. म्हणूनच की काय, तिच्या कार्यशाळेत कामकरी मुलींसाठी दवाखाना, भोजनगृह आणि पगारी रजा होती. अशा गोष्टी त्या काळी पॅरिसमध्ये सर्रास नव्हत्या.

अशा बंद दारांच्या आत काय चालते?

प्रथम रेखाटन. योजणारा कागदावर चार रेघा ओढतो. ते चित्र कार्यशाळेच्या प्रमुख बाईकडे जाते. कार्यशाळाही दोन प्रकारच्या: एकीत मऊ, झुळझुळीत कापडाचे झगे, दुसरीत कोट व ताठ शिवणीचे कपडे, एकीतले हात सहसा दुसरीत जात नाहीत. चित्रात कापडाचे वजन नसते, चुणी नेमकी कोठे सुटते ते नसते, पाठ तर बहुधा नसतेच. हे सारे ती प्रमुख बाई ठरविते. ती उंची रेशमाला हात लावण्याआधी साध्या, स्वस्त सुती कापडात तोच पोशाख उभा करते. या कच्च्या पोशाखाला ‘त्वाल’ म्हणतात. आपल्या भाषेत सांगावयाचे तर मांजरपाटाचा नमुना. हा नमुना पुतळ्यावर टाचण्या लावून बेततात. गिऱ्हाइकाचे अंग जसे असेल तसा पुतळा कापसाने व पट्ट्यांनी भरून घेतात. कापडाचा आडवा-उभा धागा कोठे चालला आहे ते रंगीत दोऱ्याने टाचून दाखवितात. योजणारा येतो, पाहतो, खडूने खूण करतो, कात्री लावतो, कधी सगळेच मोडून पुन्हा करावयास सांगतो. समाधान झाल्यावर तो नमुना उसवून, त्याचे तुकडे सपाट करून, त्यांवरून खरे कापड कापतात. मग कच्चे टाके, मग अंगावर घालून पाहणे, मग उसवणे, पुन्हा टाके. पक्की शिवण सर्वांत शेवटी. शिवणीत माया भरपूर सोडलेली असते, कारण ज्या बाईने एवढे द्रव्य वेचले ती तो पोशाख वर्षानुवर्षे वापरणार आणि तिचे अंगही काही तसेच राहणार नाही. म्हणजे आमच्या थोरल्या बायकांचा निकष पॅरिसलाही चुकलेला नाही.

उरेप कापाची गोष्ट येथे सांगितली पाहिजे. कापड उभ्या धाग्यावर धरले तर ते ताठ राहते. तिरपे, म्हणजे उरेपात, धरले तर ते ताणते आणि अंगावरून पाण्यासारखे उतरते. आपल्या घरच्या बायका गळ्याला उरेप पट्टी लावतात ती याच गुणाकरिता. व्हिओनेने त्या पट्टीचा अख्खा झगा केला. लहान लाकडी बाहुलीवर ती कापड फिरवून पाही आणि जमले की मोठ्या मापात उतरवी.

या सर्व क्रियांत ज्या मुली व बाया दिवसभर सुई चालवितात, त्यांना फ्रेंच भाषेत ‘छोटे हात’ अशा अर्थाचे नाव आहे. नाव मोठे गोड आहे. परंतु हाताला नाव दिले म्हणजे माणसाला दिले असे होत नाही.

आम्ही अध्यापनाचे शिक्षण घेत असताना ‘वस्तुपाठ’ नावाचा एक प्रकार शिकविला जाई. मुलांपुढे बी, दगड, घड्याळ असे काही प्रत्यक्ष ठेवावयाचे, आणि सांगण्याआधी त्यांना पाहू द्यावयाचे. घड्याळाचा पाठ काटे दाखवून होत नाही, झाकण उघडावे लागते. संग्रहालयांनी हे झाकण उघडण्याच्या नाना युक्त्या काढल्या. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने 2014 मध्ये चार्ल्स जेम्स याचे झगे मांडले तेव्हा यांत्रिक हात प्रकाशझोत व कॅमेरे घेऊन झग्यांभोवती फिरत आणि शेजारच्या पडद्यावर तो झगा तुकड्यातुकड्यांनी सुटून पुन्हा जुळत असे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने 2017 मध्ये बालेन्सियागाच्या पोशाखांची चक्क क्ष-किरण छायाचित्रे लावली. निक व्हीसी या छायाचित्रकाराने ती काढली होती. बाहेरून केवळ हवेवर फुगल्यासारख्या दिसणाऱ्या झग्याच्या पोटातील आधाराच्या पट्ट्या, आकडे, आणि घेर जागच्या जागी राहावा म्हणून दडविलेली लहान लहान वजने त्यांत उघडी पडली. हा बालेन्सियागा गेतारिया या मासेमाऱ्यांच्या गावी शिवणारणीच्या पोटी जन्मला होता, आणि कापणे, टाचणे, शिवणे सारे स्वतः करू शकत असे. योजणाऱ्यांत हे फार थोड्यांना साधते.

याच लंडनच्या संग्रहालयात 2019 मध्ये क्रिस्तियाँ दिओर याच्या घराण्याचे प्रदर्शन झाले. ते जवळजवळ 6 लाख लोकांनी पाहिले. त्यात एक दालन केवळ पांढऱ्या कच्च्या नमुन्यांचे होते. ना रंग, ना भरत, ना रेशीम. नुसता कापडाचा विचार. शिक्षकाच्या दृष्टीने विचाराल तर फिरत्या यांत्रिक हातांपेक्षा हे पांढरे दालन आम्हांला अधिक मोलाचे वाटते. यंत्र डोळे दिपविते. पांढरा नमुना मात्र पाहणाऱ्याला थांबवून विचारतो, ही शिवण येथेच का?

पॅरिसमध्ये इव्ह सँ लोराँ याच्या नावाचे संग्रहालय 2017 साली उघडले, तेही जेथे 1974 ते 2002 पर्यंत प्रत्यक्ष काम चालले त्या मार्सो रस्त्यावरील वास्तूतच. तेथील संग्रहातील एक साधी गोष्ट आम्हांला सर्वांत लक्षणीय वाटते: कार्यशाळेचे कागद. प्रत्येक पोशाखाचा एक कागद. त्यावर चित्र, टाचलेला कापडाचा तुकडा, आणि हा पोशाख कोणत्या प्रमुखाच्या कार्यशाळेने केला त्याचे नाव. ही नोंद काही लोकांना दाखविण्यासाठी केलेली नव्हती. हिशेबासाठी केलेली होती. हिशेबाच्या कागदाने जे नाव जपले, ते पोशाखाच्या पट्टीवर कधीच नव्हते.

भरतकामाची कथा मुंबईला येऊन मिळते. फ्रान्समध्ये लुनेव्हिल या गावाच्या नावाने ओळखली जाणारी एक बारीक आकड्याची सुई आहे. चौकटीवर ताणलेल्या कापडात ती वरून घालून खालचा दोरा वर ओढावयाचा, की साखळी टाका पडतो. आपल्याकडे हीच आरी. अशा आकड्याचे काम अठराव्या शतकात पूर्वेकडून युरोपात गेले. पण दोन्हींत एक फरक आहे. आपला आरीवाला कापडाची सुलट बाजू वर ठेवून मणी टिकल्या वरूनच गुंफतो, काम डोळ्यांपुढे फुलत जाते. लुनेव्हिलच्या रीतीत मणी खालच्या अंगाला बसतात. कारागीर बाई उलट बाजू पाहत काम करते आणि तिचे स्वतःचे भरत तिला चौकट पालथी केल्यावरच दिसते.

गेली कित्येक दशके पॅरिसच्या मोठ्या घराण्यांच्या भरतकामाचा बराच भाग मुंबईत होतो. नागपाडा, मदनपुरा या बाजूला ज्यांचे बालपण गेले त्या आपल्या वाचकांना कारचोबाच्या लाकडी चौकटीभोवती मांडी घालून बसलेले, माना खाली घातलेले कारागीर आठवत असतील. बहुतेक मुसलमान, उत्तर प्रदेश, बिहार व बंगालकडून आलेले. त्यांच्यासारख्यांच्या हातचे काम पॅरिसला जाई आणि तेथे पॅरिसचे होई. ही गोष्ट अगदी अलीकडे उघडपणे बोलली जाऊ लागली. दिओर घराण्याने जानेवारी 2022 मध्ये रोदँ संग्रहालयाच्या बागेतील आपल्या मांडवात माधवी व मनू पारेख या चित्रकार दांपत्याची चित्रे भरतकामात उतरवून लावली. ते काम मुंबईच्या चाणक्य संस्थेच्या कारागिरांनी केले होते, आणि दर्शन संपल्यावर तो मांडव काही दिवस सर्वांना खुला ठेवला होता. पुढे 30 मार्च 2023 रोजी तर पोशाखांचे दर्शनच गेट वे ऑफ इंडियासमोर भरले. चाणक्यने 2016 पासून स्त्रियांना हे काम शिकविणारी शाळाही चालविली आहे. एरवी हे पुरुषांचेच काम समजले जात असे. हे सर्व चांगलेच झाले. तरीही मांडवावर संस्थेचे नाव येणे आणि आरी धरणाऱ्याचे नाव येणे यांत अजून पुष्कळ अंतर आहे, हे नोंदविल्यावाचून राहवत नाही.

आपल्या घराजवळची गोष्ट आल्बेर एल्बाझची. हा कासाब्लांका येथे 1961 साली जन्मला, लहानपणी आईबापांबरोबर आलिया करून आला, होलोनमध्ये वाढला, रमत गानच्या शेन्कार विद्यालयात शिकला, आणि पुढे पॅरिसच्या लान्व्हँ या जुन्या घराण्याचा 2001 ते 2015 पर्यंत प्रमुख झाला. कापडाची कड न दुमडता सुते सुटलेली तशीच ठेवणे, पाठीवरची धातूची साखळी न लपविता मिरविणे, ही त्याची ओळख. आमच्या थोरल्या बायकांनी ती सुटलेली सुते पाहिली असती तर शिंप्याला परत पाठविले असते! 2021 च्या एप्रिलमध्ये कोविडने तो गेला आणि होलोनच्याच मातीत त्याला ठेविले. 2022 साली होलोनच्या डिझाइन संग्रहालयाने त्याच्या कामाचे ‘स्वप्नांचा कारखाना’ या नावाचे प्रदर्शन भरविले. स्थलांतरित कुटुंबातील मुलगा ज्या गावात झगे काढीत असे, त्याच गावाने त्याचे काम मांडावे हे उचितच.

परंतु ज्या प्रदर्शनासाठी हा लेख लिहावयास घेतला ते आम्ही अद्याप सांगितलेच नाही.

त्याआधी 1945 मधील एक प्रसंग सांगणे अवश्य आहे. त्या वर्षीच्या मार्चमध्ये, युद्ध पुरते संपले नव्हते तेव्हा, पॅरिसच्या पोशाखघरांनी लूव्हरच्या इमारतीतील एका संग्रहालयात तारेच्या बाहुल्यांचा देखावा मांडला. सुमारे 200 बाहुल्या, प्रत्येक मोठ्या हातभर उंचीची. कापड मिळत नव्हते म्हणून पोशाख बाहुलीच्या मापाचे; पण बटणे खरोखर काजांतून जात, चिमुकल्या पिशव्या उघडत, सारे मोठ्यासारखे. उत्पन्न युद्धपीडितांच्या मदतीला गेले. लोकांनी रांगा लावून ते पाहिले, आणि पुढे तो देखावा युरोप-अमेरिकेत फिरला. त्या बाहुल्या आज अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात मेरीहिल येथील संग्रहालयात जपून ठेवलेल्या आहेत. थंडीने गारठलेल्या हातांनी केलेले ते काम धीराचे होते, यात शंका नाही. पण पॅरिसच्या शिवणकामात आणि फरच्या धंद्यात पूर्व युरोपातून आलेले यहुदी फार होते, आणि 1941 पासून त्यांना घरांतून उचलून नेण्यात आले होते. त्या रिकाम्या खुर्च्यांची बाहुली कोणी केली नाही.

तशी एक खुर्ची पुढे फार दूर, अमेरिकेतील मिलवॉकी शहरात, लोकांना दिसली.

प्राग येथे हेडविग स्त्रनाड नावाची यहुदी स्त्री राहत असे. ती स्त्रियांचे पोशाख योजी व शिवी. पतीचे नाव पॉल. नाझींनी प्राग घेतले होते. 11 डिसेंबर 1939 रोजी पॉलने मिलवॉकीतील आपल्या चुलतभावाला पत्र लिहिले. अमेरिकेत प्रवेश मिळावा म्हणून तेथील कोणी तरी हमी द्यावयास हवी होती, आणि येणारा मनुष्य कोणावर भार होणार नाही हे पटवावयास हवे होते. पॉलने पत्रासोबत पत्नीने काढलेली पोशाखांची रंगीत चित्रे पाठविली. ती पाहून एखादा कारखानदार तिला काम देईल, आणि कामाच्या आधाराने परवाना मिळेल, अशी त्याची योजना होती. पाकिटावर नाझी तपासनिसाची मोहर होती.

परवाना मिळाला नाही. पॉल व हेडविग दोघेही त्या संहारातून वाचले नाहीत.

पत्र व चित्रे नातलगांच्या घरी राहिली. 1997 मध्ये तळघराची आवराआवर करताना ती हाती लागली आणि कालांतराने मिलवॉकीच्या यहुदी संग्रहालयात आली. चित्रे आठ. झगे, कोट, टोप्या घातलेल्या डौलदार बायका. संग्रहालयाने ती चौकटीत लावली असती तरी काम झाले असते. पण त्यांनी असे ठरविले की या चित्रांवरून पोशाख शिवावयाचे. शहरातील मिलवॉकी रेपर्टरी या नाट्यसंस्थेच्या वेशभूषा विभागाने ते काम पत्करले, आणि 2014 मध्ये आठ चित्रांसोबत आठ पोशाख लोकांपुढे उभे राहिले.

येथे पॅरिसच्या रीतीची तुलना करून पाहावी. तेथे प्रमुख बाईला अडले तर ती योजणाऱ्याला विचारते. खांदा एवढा पुरे की वर घेऊ? अस्तर कोणते? पाठीला चुणी की कळी? येथे विचारावयाचे कोणाला? शिवणाऱ्यांनी त्या काळचे पोशाख अभ्यासले, त्या काळची शिवण वापरली, चित्रातील छाप बाजारात मिळण्यासारखी नव्हती तेथे कापड मुद्दाम छापून घेतले, टोप्या व पट्टेदेखील केले. प्रत्येक शिवणीपाशी एकच प्रश्न त्यांच्यापुढे असणार: हिने काय केले असते? शिवणकामात याला तरणोपाय नसतो. चित्र अर्धवट सोडता येते, झगा अर्धवट सोडता येत नाही. बाही खांद्याला कोठे तरी जोडावीच लागते. म्हणून त्या पोशाखांतून हेडविगचे कसब जसे कळते तसे नुसत्या चित्रांतून कळले नसते. हिला कापड कळत होते, चित्रात काढलेले खरोखर शिवता येण्यासारखे होते, ही गोष्ट पॉल 1939 मध्ये ज्यांना पटवू पाहत होता त्यांना पटली नाही. ती पंचाहत्तर वर्षांनी सुईने सिद्ध करून दाखविली.

तिच्याविषयी संग्रहालयाला आरंभी फार थोडे ठाऊक होते. येथे यरुशलेममध्ये याद वाशेम संस्थेत मृतांच्या नावे नातलगांनी भरून दिलेली जी साक्षपत्रे आहेत, त्यांत नात्यातल्या एका स्त्रीने हेडविगसाठी भरलेले पत्र सापडले. त्यावरून ती नातलग स्त्री सापडली, आणि तिच्याकडून कळले की घरी हिला हेडी म्हणत, आणि प्रागमध्ये हिची स्वतःची कार्यशाळा होती. मग शिवलेल्या पोशाखांच्या आत, जेथे पॅरिसची घराणी आपले नाव लावतात तेथे, हेडीच्या नावाची पट्टी लावण्यात आली. पुढे हे प्रदर्शन इतर शहरांतही फिरले; 2016 मध्ये ते न्यूयॉर्कमध्ये होते.

ही हकीकत आम्ही वर्गात सांगितली तेव्हा एका मुलीने विचारले, “ते कपडे कोणाच्या मापाचे?” आम्ही सांगितले, पुतळ्यांच्या. हेडीच्या गिऱ्हाइकांची मापे जिच्या वहीत होती ती वही प्रागमध्ये राहिली. मुलगी काही बोलली नाही.

जाता जाता वाचकभगिनींना एक विनंती. आपल्या पिढीतील किती तरी जणींनी मुंबईत, पनवेलला, अलिबागला हातयंत्रावर घरचे व शेजारचे कपडे शिवले, येथे येऊन दिमोनाच्या कापडगिरण्यांत पाळ्या केल्या, सिनेगॉगसाठी परोखेथ भरले, तालेथच्या पिशव्या शिवल्या. परोखेथवर ते अर्पण करणाऱ्याचे नाव जरीत असते, भरणारीचे नसते. ज्यांच्या घरी आईची किंवा आजीची अशी वस्तू असेल, लग्नातील पांढरे पातळ, पोलके, मापांची वही, काहीही, त्यांनी ती कोणी केली ते आजच लिहून ठेवावे. कापडावर शाई लावू नये, ती पसरते व कापड खाते. पांढऱ्या सुती फितीवर नाव, गाव व साल लिहून, ती फीत अस्तराच्या आतल्या अंगाला चार सैल टाक्यांनी टाचावी.